वेतवालीची सही

खुर्चीचं बूड फाटलं की लोकांना वेतवाली आठवायची. एरवी तिची आठवण ठेवायचं कुणाला काही कारण नव्हतं. मिस्त्रींच्या सुतारखान्यामागच्या खोलीत ती बसायची. शेजारी बादलीत भिजत घातलेल्या वेताच्या पट्ट्या, पुढ्यात उलटी खुर्ची आणि भोकात पट्टी पक्की धरायची लाकडाची खुंटी तोंडात, त्यामुळे बोलणं बेताचंच. नवरा लवकर गेला, तेव्हा दोन मुली तिनं याच खोलीतल्या कमाईवर वाढवल्या आणि त्यांची लग्नं करून दिली. खोलीला खिडकी एकच, पण तिच्यातून दिवसभर असा एकसारखा उजेड यायचा की जाळीतली एक पट्टी चुकली तरी दिसावी.

मिस्त्री म्हणजे अव्वल कारागीर आणि पक्के संशयी. संशय दुसऱ्यांचा नव्हे, स्वतःचा. सुतारखान्यातून कुठलीही वस्तू बाहेर पडायची तर ती दोघांच्या नजरेखालून गेली पाहिजे, हा त्यांचा कायदा. त्यांनी खुर्ची केली की वेतवालीनं ती हलवून, उलटी करून, वर बसून बघायची आणि बुडाखाली त्यांच्या सहीशेजारी पेन्सिलीनं आपली सही करायची. तिनं जाळी विणली की मिस्त्री अंगठ्यानं दाबून बघणार, मगच सही करणार. एकदा एका बड्या गिऱ्हाइकाची आरामखुर्ची तिनं डुगडुगते म्हणून अडवून धरली. मिस्त्री दिवसभर फुगून बसले आणि संध्याकाळी गुपचूप पाय तासून घेऊन आले. त्या दोघांची सगळी मैत्री ही एवढीच, पण कित्येक संसारांत एवढीही नसते.

याच कायद्यानं पुढे घात केला.

मिस्त्रींना एक मुलगा, एक मुलगी. मुलाला त्यांनी तरुणपणीच फर्निचरचं दुकान काढून दिलं होतं. राहिला सुतारखाना. तो मुलीला द्यायचा आणि मागची खोली वेतवालीला, असं त्यांनी उतारवयात ठरवलं. वकिलाची पायरी चढणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, तेव्हा मृत्युपत्र स्वतःच लिहिलं. साक्षीदार म्हणून शेजारच्या डॉक्टरांना बोलावलं आणि मागच्या खोलीकडे हाक मारली, "बाई, इकडे या. बघा आणि सही करा. इथून दोघांच्या नजरेशिवाय काही बाहेर गेलंय का कधी?"

वेतवालीनं हात पुसले, कागद वाचला. आपल्या खोलीची ओळ तिनं दोनदा वाचली. मिस्त्रींनी सही केली, मग डॉक्टरांनी, मग तिनं. यात काही चुकतंय हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

पुढे मिस्त्री गेले, पाठोपाठ डॉक्टरही गेले. मुलानं मृत्युपत्राला हरकत घेतली. वडिलांचं डोकं ठिकाणावर नव्हतं, हात कापायचा, ही सही त्यांची नाहीच, असं त्याचं म्हणणं. प्रकरण कोर्टात गेलं आणि मुलीच्या वकिलानं वेतवालीला बोलावून घेतलं. आता हयात असलेली साक्षीदार ती एकटीच होती. मिस्त्रींनी आपल्यासमोर सही केली, हे तिनं कोर्टात येऊन सांगितलं तरच मृत्युपत्र टिकणार होतं. आणि मग वकिलानं, जरा खाली बघतच, दुसरी गोष्ट सांगितली. मिस्त्रींना लागू होणाऱ्या वारसा कायद्यात जो साक्षीदार, त्याला त्या मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. बाकीचं मृत्युपत्र राहतं, त्याचा वाटा तेवढा बाद होतो.

"मी सही केली नसती तर?" तिनं विचारलं.

"तर खोली तुमची होती."

बिचारीनं स्वतःच्या हातानं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि तोही शिस्त म्हणून.

दोनचार दिवसांनी मुलगा आला. हा काही राक्षस नव्हता. वडिलांनी शेवटी बहिणीला झुकतं माप दिलं, हे त्याच्या मनाला लागलं होतं. लहानपणी याच खोलीत भुशात खेळलेला, म्हणून वेतवालीला मावशी म्हणायचा. त्यानं साखर पेरली, पण पेरली ती पिकण्यासारखी होती. "मावशी, खोटं बोला असं मी म्हणत नाही. नक्की आठवत नाही, एवढंच म्हणा. बाबांनी तुमच्यासमोर सही केली, की आधीच केलेली होती, हे इतक्या वर्षांनी कुणाला आठवणार? मृत्युपत्र पडलं की ही खोली मी तुमच्या नावावर करून देतो."

तिनं पुढ्यातली जाळी विणायला घेतली. नाही म्हणाली नाही, हेही सांगायला हवं. दुसऱ्या दिवशी तिची जाळी चुकली आणि सगळी उसवावी लागली. तिच्या दोन्ही मुलींचं म्हणणं एकच: त्या बाईनं तुझ्यासाठी काय केलंय, आई? आणि ते खरंच होतं. मिस्त्रींची मुलगी तिच्याशी कधी धड बोलली नव्हती. आपल्या वडिलांचा दिवस या परक्या बाईबरोबर जातो, हे तिला पहिल्यापासून खुपायचं. अशा माणसासाठी आपली बसायची हक्काची जागा घालवायची, तीही या वयात. व्यवहार बघणाऱ्या कुणीही वेतवालीला वेड्यात काढलं असतं.

साक्षीच्या दिवशी ती पिंजऱ्यात उभी राहिली. मुलाच्या वकिलानं विचारलं, मिस्त्रींनी सही कधी केली ते आठवतं का.

"आठवतं. माझ्यासमोर केली. हात कापत होता, म्हणून डाव्या हातानं उजवं मनगट धरलं होतं."

वकिलाची कळी खुलली. म्हणजे हात कापत होता, हे तुम्हाला मान्य आहे?

"हात कापत होता. डोकं नाही. सही झाल्या झाल्या डॉक्टरांना म्हणाले, तुमच्या दवाखान्यातल्या बाकाचा पाय सैल झालाय, उद्या पाठवून द्या."

कोर्टात हसू फुटलं. न्यायाधीशांनी मात्र हसता हसता थांबून तिला विचारलं, या साक्षीमुळे तुम्हाला स्वतःला काही मिळणार नाही, याची कल्पना आहे ना.

"आहे, साहेब. पण सही करताना मी त्यांना पाहिलं. ते आता न पाहिल्यासारखं कसं करू?"

मृत्युपत्र टिकलं. खोलीचं कलम तेवढं रद्द झालं. आता इथे मुलीला पाझर फुटला आणि तिनं खोली परत दिली, असं सांगायला मला फार आवडलं असतं. तसं काही झालं नाही. तिनं वर्षाच्या आत सुतारखाना विकला आणि वेतवालीला सामान हलवायला महिन्याची मुदत दिली. आभार मानले, पण ते वकिलामार्फत. वेतवाली आता राहत्या इमारतीच्या जिन्याखाली दिवा लावून विणत बसते. डोळे दुखतात. कुणी कीव केली की म्हणते, "मिस्त्रींनी ज्याला द्यायचं त्याला ते पोचलं. पुढे तिनं काय करायचं, हे मी कोण सांगणार?" एवढ्या मोठ्या मनाची माणसं आपल्या जिन्याखाली बसलेली असतात आणि आपण वरून चपला वाजवत जातो.

मग एके दिवशी मिस्त्रींचा मुलगा त्या जिन्याखाली आला. बरोबर दुकानातला एक जुना कारकून. मुलगा बराच वाळला होता. म्हणाला, हृदयाचं ऑपरेशन ठरलंय, म्हणून मृत्युपत्र करतोय. एक साक्षीदार हा कारकून आहे, दुसरा हवाय.

तोंडातली खुंटी तशीच ठेवून तिनं विचारलं, "वकील, मेहुणे, मित्र, एवढी माणसं आहेत तुझी. माझ्याकडे कशाला आलास?"

तो जिन्याच्या पायरीवर बसला. "उद्या माझ्या पोरांपैकी कुणीतरी साक्षीदाराकडे जाईल, मावशी. मी तुमच्याकडे आलो होतो तसा."

 मग वेतवालीनं तोंडातली खुंटी काढली.

"यात माझ्या नावावर काही नाही ना?"

"नाही. मुद्दामच नाही."

"मग आधी तू सही कर," ती म्हणाली, आणि दिवा त्याच्याकडे वळवला. "मी बघते."