परस्पर जाहीर झालेली क्षमा

आपल्या नावाने दुसऱ्याने जाहीर केलेली क्षमा मागे घेता येते का? रुग्णालयाच्या चादरी शिवणाऱ्या एका बाईने १९९० साली मला हे विचारले. मी तेव्हा चर्चच्या पाळकांना समुपदेशन शिकवत होतो, तरी उत्तर देता आले नाही. आजही येत नाही. हा प्रश्न तिच्यावर कोणी लादला एवढे मात्र सांगता येते, आणि ते शांतपणे सांगण्याची माझी इच्छा नाही.

तिचे काम कापडखोलीत चाले. धुऊन आलेली प्रत्येक चादर ती उजेडासमोर धरी. मधोमध विरलेली असेल तर ती उभी फाडी, धड राहिलेल्या कडा मध्ये आणी आणि पुन्हा शिवी. अशी चादर आणखी चार वर्षे निघे.

एकोणिसाव्या वर्षी तिने परिचारिकेच्या प्रशिक्षणासाठी अर्ज केला होता. आई अंथरुणाला खिळलेली होती. तुझी निवड झाली नाही, असे थोरल्या भावाने सांगितले. तिने ते मानले आणि पुढची तेरा वर्षे आईचे हगणेमुतणे काढले. निवडीचे पत्र तिला एकवीस वर्षांनी आईच्या ट्रंकेत, अस्तराखाली सापडले. पाकीट फोडलेले होते. तोवर भाऊ चर्चच्या मंडळीचा पंच झाला होता, आणि प्रभुभोजनाचे, म्हणजे भाकर व द्राक्षरसाच्या प्याल्यांचे, तबक बाकाबाकांवरून फिरवण्याचा मान त्याच्याकडे होता.

त्या मंडळीचा दंडक असा, की ज्याच्या मनात कोणाविषयी वैर आहे त्याने भाकर व प्याला घेऊ नये. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी भाऊ तबक घेऊन समोर येई, ती मान हलवून नकार देई, तबक पुढे जाई. तिचे म्हणणे काय आहे हे सांगण्याची तेवढीच एक जागा तिच्याकडे होती. चार महिने असे झाल्यावर पाळक विचारपूस करायला घरी आले. तिने पत्र पुढे ठेवले आणि आयुष्यात पहिल्यांदा सगळे सलग सांगितले. त्या रात्री गाढ झोप लागली, असे ती पुढे म्हणे.

त्यानंतरच्या रविवारी पाळकांनी उपदेशात ‘रुग्णालयात शिवणकाम करणाऱ्या आपल्या एका बहिणीची’ गोष्ट सांगितली. पत्र, ट्रंक, अस्तर, सगळे जसेच्या तसे. शेवटी ती बहीण गुडघे टेकते, रडते आणि भावाला मनापासून क्षमा करते. हा शेवट पाळकांचा होता. उपासना संपल्यावर बायका तिचे हात हातात घेऊ लागल्या. भावाने तिच्या पाठीवर हात ठेवला. त्याला कोणी काही विचारले नाही. विचारण्यासारखे काही उरलेच नव्हते.

“हलवायाच्या घरावर तुळशीपत्र,” धुलाईतली मावशी म्हणाली, “आणि हलवायालाच पत्ता नाही.”

जाब विचारायला ती गेली तेव्हा पाळकांनी तिला समजावले, की ऐकणाऱ्यांच्या आत्मिक वाढीसाठी गोष्टीला असा शेवट लागतो. “ताई, तुम्ही तिथवर पोचालच. मी फक्त थोडं आधी सांगितलं.”

या वाक्याचा मला आजही संताप येतो. विश्वासाने सांगितलेली गोष्ट चव्हाट्यावर मांडणे हा एक अपराध. तिचा शेवट बदलून तो सांगणारीच्या गळ्यात बांधणे हा त्याहून मोठा. आता प्याला घेतला तर ती खोटी ठरणार होती, आणि नाकारला तर दुष्ट. भाऊ मात्र कबुलीवाचूनच सुटला होता.

पुढच्या पहिल्या रविवारी, सभासद उठून आपला अनुभव सांगतात त्या साक्ष देण्याच्या वेळी, ती उभी राहिली. भाऊ तबक घेऊन वेदीपाशीच होता.

“मागे सांगितलेली गोष्ट माझी आहे. शेवट माझा नाही. मी दादाला क्षमा केलेली नाही. करीन तेव्हा मी सांगेन. तोवर माझ्या वतीनं कोणी करू नये.”

वादकाने घाईघाईने गीत सुरू केले. नंतरचे कित्येक रविवार तिच्या बाकावर दुसरे कोणी बसले नाही.

पाळकांविषयी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. एका गुरुवारी ते कापडखोलीत आले. ती उठली नाही, मशीनही थांबवले नाही. एक चादर आणि कात्री त्यांच्यापुढे सरकवून म्हणाली, “बोलायचं नाही. एवढी शिवण उसवा.” त्यांनी ती उसवली, तीही वाईट, आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा आले. तिला वाटे तेव्हा ती बोले. ते ऐकत आणि उसवत. चौथ्या महिन्यात त्यांनी व्यासपीठावरून दोन वाक्यांत चूक कबूल केली. तिची समजूत घाला, अशी गळ भावाने घातली तेव्हा ते म्हणाले, “पंचसाहेब, तुमचे पाय धड आहेत. तुम्हीच जा.” ऐकणे म्हणजे काय हे मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवले, त्यांना ते एका चिडलेल्या बाईने शिकवले.

भावाला जायला सात वर्षे लागली. तो कापडखोलीच्या दारातच उभा राहिला.

“पत्र मी लपवलं. आईची नुसती सबब होती. घरचं करायला मला फुकटची बाई हवी होती.”

तिने मशीन थांबवले. “लपवण्याआधी वाचलं होतंस?”

“दोनदा.”

“ये, बस,” ती म्हणाली.

१९९७च्या सप्टेंबरमधल्या पहिल्या रविवारी तिने भावाच्या हातातल्या तबकातून प्याला उचलला.