उस्तादांच्या नावानं ड्रायव्हर

युद्धाच्या दिवसांत मी हिंगोलीत एका व्यापाऱ्याच्या लॉरीवर हमाल होतो. पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून लॉरीच्या मागं कोळशाची टाकी बसवली होती आणि त्या धुरावर ती कशीबशी चालायची. हिंगोलीत रुईच्या गाठी भरायच्या, कनेरगाव नाक्यावर निजामाच्या माणसांना सगळा माल दाखवायचा आणि पुढं वाशिमला नेऊन उतरवायचा. घर साखऱ्याला. कोरडवाहू जमीन आणि आम्ही चार भाऊ; माझ्यावाचून तिथं काही अडत नव्हतं.

लॉरीचे ड्रायव्हर चाळिशीचे होते. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. ते पुसेगावकडचे, पण उमेदीची वर्षं त्यांनी ब्रह्मदेशात तेलाच्या खाणींवर ट्रक चालवण्यात घालवली होती. जपानी आले तेव्हा तिथून पायी निघाले आणि इकडं पोचले, एवढंच लोकांना ठाऊक होतं. त्याबद्दल कुणी विचारलं की ते बिडी पेटवत आणि दुसरीकडं बघत.

मला गाडी त्यांनीच शिकवली. परतीला लॉरी रिकामी असली की नाका ओलांडल्यावर मला स्टिअरिंगवर बसवत आणि स्वतः शेजारी डोळे मिटून बसत. गिअर खरखरला की डोळे न उघडताच म्हणत, "हळू. लोखंडालाबी दुखतं." वर्षभरात माझा हात बसला. निदान मला तसं वाटत होतं.

एकदा वाशिमला गाठी उतरवताना कळलं, की आसामातल्या तेलाच्या खाणींसाठी भरती चालू आहे. ट्रकचे ड्रायव्हर पाहिजेत. लायसन कंपनीच काढून देणार, पण जुन्या कामाचा कागद पाहिजे. नवा माणूस घेत नव्हते. माझ्याकडं असा कागद कुठून असणार? उस्तादांकडं मात्र होता. ब्रह्मदेशातल्या साहेबानं दिलेला, आठ वर्षं ट्रक चालवल्याचा, शिक्क्याचा. पत्र्याच्या पेटीत धोतराच्या घडीत ठेवलेला तो मी एकदा पाहिला होता.

मी त्यांच्याजवळ गोष्ट काढली. "उस्ताद, तुमी तर आता जाऊन नाही राहिले. तो कागद मला द्या."

"काहून जायचं तुला तिकडं?"

"इथं जन्मभर गाठीच उचलू का?"

"उचल. पण तिकडं जाऊ नको." एवढं बोलून ते उठले. मी मागं लागलो तर पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले, "न्हाई म्हटलं ना!"

मला वाटलं, यांना माझं बरं झालेलं बघवत नाही. गेलं वर्षभर यांच्या पायाशी बसून शिकलो, आणि एक कागद यांच्यानं देववत नाही. तो राग मी आठ दिवस जपला. मग एका सोमवारी ते बाजाराला गेले असताना त्यांच्या खोलीत शिरलो. पेटीला कुलूप नव्हतं.

वाशिमला भरतीच्या माणसानं कागद वाचला, माझ्याकडं पाहिलं. तेव्हा मला मिशीही धड फुटली नव्हती. "आठ साल चलाया? दूध पीता था तब से?" तो हसला. त्याला माणसं भरायची होती. त्यानं नाव लिहून घेतलं. उस्तादांचं नाव.

आसामात सगळीकडं लाल चिखल. जंगल तोडून लोखंडी मनोरे उभे केलेले, आणि हवेला सतत रॉकेलचा वास. दुसऱ्याच दिवशी परीक्षा होती. लांबलचक लोखंडी पाइप भरलेला ट्रक उतारावरून मागं घ्यायचा. आमच्याकडच्या सपाट रस्त्यावर रुई वाहणाऱ्याला ते काय जमणार? ट्रक तिरका झाला, पाइप गडगडले, खालची माणसं उड्या मारून बाजूला झाली. साहेब शिव्या देत निघून गेला.

पाइप गोळा करायला जो मिस्त्री आला, तो म्हातारा बिहारी होता. त्यानं हजेरीची यादी काढून माझ्या नावावर बोट ठेवलं.

"ये तुम नहीं हो," तो म्हणाला. "मैं इसको जानता हूँ. बर्मा में साथ थे."

मी पाइप उचलायला वाकलो.

"जिंदा है?"

"हां."

"उसको मालूम है, तुम यहाँ हो?"

मी मान खाली घातली. तो एका पाइपवर टेकला. मग सांगू लागला. ब्रह्मदेशातून निघाले तेव्हा उस्तादांसोबत बायको होती आणि दोन वर्षांची मुलगी होती. डोंगर चढताना आधी मुलगी गेली. चार दिवसांनी बायको. जाळायला लाकूड होतं, पण सगळं ओलं. दोघांनी मिळून हातांनी माती उकरली आणि वर दगड रचले. "मेरे हाथ देखो," म्हणून त्यानं पंजे पुढं केले. दोन बोटांना नखं नव्हती.

मला आजवर उस्तादांना बायको होती हेच माहीत नव्हतं.

मिस्त्रीनं मला हाकललं नाही. साहेबाला म्हणाला, चिखलाचा अंदाज नव्हता, याला पंधरा दिवस माझ्याकडं द्या. त्या पंधरा दिवसांत त्यानं मला चाकांना साखळ्या बांधायला शिकवलं, पाइप कसे आवळायचे, उतारावर ब्रेक कधी सोडायचा, सगळं. शिकवताना कामापलीकडं एक शब्द बोलला नाही. शेवटच्या दिवशी म्हणाला, "अब जाओ. उसके नाम पे गाड़ी मत पलटाना."

त्यानंतर समोरून आला तरी तो मान फिरवून जाई.

तीन वर्षं मी त्या नावानं चालवलं. हाक ऐकली की ओ देऊ लागलो. झोपेतून उठवलं तरी तेच नाव सांगायचो. युद्ध संपलं, कामावरची माणसं कमी केली, आणि मलाही चांगल्या कामाचा कागद देऊन मोकळं केलं. कागदावर अर्थातच उस्तादांचं नाव.

हिंगोलीला उतरल्यावर कळलं, की मी गेल्यावर चार महिन्यांतच जुन्या मालकानं लॉरी विकली होती. नव्या मालकानं कागद मागितला. उस्तादांनी पेटी उपसली. कागद नाही म्हटल्यावर नव्या मालकानं दुसरा ड्रायव्हर ठेवला. उस्ताद आता जिनिंगच्या फाटकावर पहारा करत होते.

मी जाऊन पाया पडलो. त्यांनी पाय मागं घेतले. मी दोन्ही कागद पुढं केले, त्यांचा जुना आणि माझा नवा. त्यांनी शाळेच्या मास्तरांकडून दोन्ही वाचून घेतले.

"म्हंजे मी तीन वर्षं आसामात होतो म्हणायचं," ते म्हणाले. आवाज शांत होता.

"उस्ताद, तुमच्यासंगं बर्मात होते ते मिस्त्री भेटले होते. त्यांनी मला तुमच्या लेकराचं..."

"तू त्या दोघींचं नाव काढू नको." कागद घडी करून त्यांनी खिशात घातले.

त्या दोन कागदांवर महिन्याभरात त्यांना हिंगोलीत नव्यानंच आलेल्या एका व्यापाऱ्याकडं पुन्हा लॉरी मिळाली. मला बरं वाटलं. आपलं ओझं थोडं हलकं झालं असं वाटलं, आणि त्या वाटण्याच्या भरवशावर मी एका सकाळी त्यांच्या मालकाच्या वाड्यावर गेलो. मालकाकडं दुसरी लॉरी येणार होती. उस्ताद तिथंच टायरला हवा भरत होते.

मालकानं मला विचारलं, "पहिले कुठं चालवली?"

काय सांगणार? आसाम म्हटलं असतं तर कागद दाखव म्हणाला असता, आणि तो कागद त्याच्याच पेटीत उस्तादांच्या नावानं पडला होता. मी उस्तादांकडं पाहिलं.

मालकानंही तिकडंच पाहिलं. "तुमच्या वळखीचा दिसतो. गाडी येते का याला?"

उस्तादांनी पंप थांबवला. माझ्याकडं नीट, पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "नवा हाय," ते म्हणाले, आणि पुन्हा हवा भरू लागले.

मालक म्हणाला, हमाली करायची असेल तर सांग. मी हो म्हटलं. वर्षभर उस्तादांच्या लॉरीवर गाठी चढवल्या. ते मला काम सांगत, जेवलास का विचारत, पण परतीला गाडी कितीही रिकामी असली तरी मी मागंच बसे. पुढं रझाकारांचे दिवस आले, रस्ते बंद झाले, लॉरी उभी राहिली. मी साखऱ्याला परतलो आणि भावांच्या हाताखाली औत धरलं.

गावात लोक विचारत, आसामात काय करून आलास? मी सांगे, पाइप उचलत होतो.