इटलीच्या कैदेतला माझा नवरा

माझा नवरा इंग्रजांच्या पलटणीत होता. मालवणाकडच्या आमच्या वाडीत तेव्हा दाढी फुटलेला एक पोरगा शिल्लक राहिला नाय. वय वाढवून सांगायचं, छाती मोजून घ्यायची नि बोटीत बसायचं. भांडण इंग्रज नि जर्मनचं, नदी इटलीची, आणि मरायला आमच्याकडची पोरं. मी दुसरीत शाळा सोडली, पण एवढं मला कळतं. आणि ह्याचा राग मला आजपण येतो.

लढाई चालू असतानाच कागद आला. इंग्रजीत होता. मी तेव्हा मुंबईत, डिलाईल रोडला; आमच्या चाळीत एक मास्तर होते, त्यांनी वाचला. बोलले, "बेपत्ता." म्हणजे मेले असं नाय, आहेत असं पण नाय. सरकारला माणूस न्यायला जमलं, कुठं टाकला ते सांगायला जमलं नाय.

मग लढाई संपली, बोटी भरून माणसं परत आली. ह्यांच्याच तुकडीतला, आमच्याच वाडीतला एक जण आला नि इथं गिरणीत लागला. तो मला बोलला, "वैनी, जर्मननी पकडून नेलं त्यांना. मी डोळ्यांनी बघितलं. हात वर करून चालत गेले."

मी कुंकू पुसलं नाय. दहा-बारा गिरणीवाल्यांची खाणावळ चालवत होते, त्यात पहिलं ताट त्याचं. ह्यांना शेवटचं बघून आलेला तो एकटाच ना.

जेवताना लढाईच्या गोष्टी सांगायचा. गुरखे आवाज न करता कसे सरकतात, पंजाबी कसे ओरडत धावतात, गोऱ्या साहेबाला गोळ्या सुटल्या तरी चहा कसा लागतो. नदीला दोन्ही बाजूंनी घराएवढे मातीचे बांध, आणि त्या बांधांच्या पोटात बिळं करून जर्मन बसलेला, दिसायचाच नाय. बाकीचे हात सुकेपर्यंत ऐकत बसायचे. मी भाकऱ्या थापता थापता ऐकायची.

"भावोजी, लढाई संपून इतकी वर्षं झाली, कैदी सोडत का नाय?"

"जर्मन हरला ना वैनी, त्याचे कैदी रशियाने उचलले असतील. मोठ्या देशांचं काम, वेळ लागतो."

मी रशियाला शिव्या घालायची.

आमच्यात बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघतात. मग दर्भाचा पुतळा करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात नि त्याला अग्नी देतात. बारा वर्षं भरली तशी सासू धाकट्या दिराला घेऊन गावाहून आली. "गो बाय, माझ्या झिलाक आता पाणी पडांदे," बोलली. मी बोलले, "जिवंत माणसाला जाळायला निघालात?" आठ दिवस आम्ही दोघी एका चुलीपुढे भांडत होतो. तिला पोराचा जीव सोडवायचा होता, मला नवरा ठेवायचा होता.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. गिरण्या बंद, रस्त्यावर मोर्चे. एका दुपारी पंगत बसलेली नि खाली पोलिसांनी गोळ्या झाडल्या. सगळे उष्ट्या हातांनी गॅलरीत धावले. हा एकटा ताटावरून सरकून जमिनीवर पालथा पडला, दोन्ही हात डोक्यावर. आणि ओरडायला लागला, "पाळी माझी होती! माझी होती!"

मी त्याला उठवून बसवलं, पाणी दिलं. "कसली पाळी, भावोजी?"

तेव्हा बाहेर आलं. पहिल्या होडीतून दोर घेऊन नदीपलीकडे जायची पाळी त्याची होती. पोटात कळ आली असं खोटं सांगून तो मागे राहिला. दोर ह्यांनी घेतला. होडी अर्ध्यात गेली नि मशीनगन सुरू झाली. कोणी पकडलं नाय, कोणी हात वर केले नाय. ह्यांना पाण्याने नेलं.

"आणि इतकी वर्षं मला काय सांगत होतास?" पहिल्यांदाच त्याला अरेतुरे केलं मी.

"वैनी, पहिल्या दिवशी तोंडातून निघून गेलं. तुमचा चेहरा असा उजळला... मग परत कसं घेऊ?"

"आता उठ. ह्यांच्या आईला सांग."

सासू कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. तिच्यापुढे बसून त्याने सगळं परत सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं नि एवढंच विचारलं, "त्या दिवशी जेवललो काय रे माझो झील?"

"चहा नि बिस्किट खाल्लेलं, आये."

तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. माझ्या अंगाचा भडका उडाला.

पुतळा झाला. नारळ मीच आणला. दिराने अग्नी दिला. चाळीतल्या बायका माझ्या बांगड्या फोडायला आल्या, त्यांना मी हात लावू दिला नाय. माझ्या मी उतरवल्या.

सुतक फिटल्यावर खाणावळ परत सुरू केली. पहिल्याच दिवशी तो आला नि आपल्या जागेवर बसला. मी सगळ्यांना वाढलं, त्याच्यापुढे ताट ठेवलं नाय. पंगतीतला एक जण बोलला, "वैनी, लढाईत माणूस घाबरतो. सोडून द्या."

"घाबरला त्याचा राग नाय मला," मी बोलले. "मी पण घाबरले असते. पण इथं कोण बंदूक घेऊन बसलेलं? इथं तर मी भात वाढत होते."

तो उठला, चपला घातल्या नि जिना उतरला. मी दुसऱ्याला आमटी वाढली.