पाचवीचा विळा

रामहरी पुण्यात बी.एस्सी. झाला आणि इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात उसाचा रस तपासायला लागला. जीव मात्र निकेलमध्ये. निकेलच्या अणूभोवती अमोनिया बसवला की निळसर जांभळी पूड होते, दुसरं एक द्रव्य बसवलं की कुंकवासारखी लाल. जांभळी चुंबकाकडे ओढली जाते, लाल जात नाही. धातू तोच, पण भोवती कोण बसलंय त्यावर त्याचा स्वभाव ठरतो. ही ओढ नेमकी किती, ते मोजून दाखवलं तर पुण्याचे प्रोफेसरसाहेब त्याला कॉलेजात जागा देणार होते.

क्वार्टरच्या पुढच्या खोलीत, आतल्या खोलीच्या फळ्यांच्या भिंतीला लागून, त्याने घोड्याच्या नालेसारखा मोठा चुंबक बसवला. वर सोनाराकडे असतो तसा नाजूक काटा. पारड्याखाली पुडीने भरलेली काचेची नळी चुंबकाच्या दोन टोकांमध्ये लोंबायची. जवळपास लोखंड आलं की वजन बदलायचं. म्हणून विळी, तवा, उलथणं, सगळं मागच्या पडवीत गेलं. त्याची बायको रतन काटेवाडीच्या मळ्यात वाढलेली. नववा महिना लागला तरी ती भाजी चिरायला पडवीत जाऊन बसायची.

मुलगा झाला. आतल्या खोलीत बाज पडली. पाचवीला सुईण छबूबाईने पाटा-वरवंटा पुजला, आणि ज्या विळ्याने नाळ कापली तोच पुजून बाळाच्या उशाखाली सारला.

दुसऱ्या दिवशी रामहरी आत आला आणि त्याने उशाखाली हात घातला.

"राहू द्या वो," रतन म्हणाली. "राखण हाय त्याची."

"तुझ्या राखणीनं माझी सकाळची सगळी वजनं फुकट गेली."

"आरं, पुजलेला हाय," त्याची आई द्वारकाबाई दारातून म्हणाली.

"मग देवळात नेऊन ठेव."

त्याने विळा पडवीत फेकला. दोन दिवसांनी बाळाचा जबडा मिटला तो उघडेना. अंग धनुष्यासारखं वाकलं. डॉक्टर धनुर्वात म्हणाले. मूल पुरून आल्यावर रतन एकच बोलली, "विळा न्हेला तुमी."

"विळा नेला म्हणून नाही गेला," रामहरी हात धूत म्हणाला. "त्या घाणेरड्या विळ्यानं नाळ कापली म्हणून गेला. लोखंडाचा संबंध काट्याशी असतो, लेकराशी नाही."

हे खरं होतं. रतनने ते नीट ऐकून घेतलं.

पुढे वजनं जुळू लागली. रामहरीने प्रोफेसरसाहेबांना बोलावलं. ते मोटारीने आले, कोट काढून खुर्चीवर टाकला आणि जांभळ्या पुडीचं वजन घ्यायला सांगितलं. रतन आतल्या खोलीत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती, फळ्यांना पाठ लावून. पहिलं वजन झाल्यावर तिने पडवीतून आणून मांडीखाली दडवलेला तोच विळा काढून चुंबकामागच्या फळीला टेकवला.

दुसरं वजन कमी भरलं.

"पुन्हा घ्या," साहेब म्हणाले.

तिने विळा अर्धवट मागे घेतला. तिसरं वजन मधेच कुठेतरी आलं.

"रामहरी, हे तीन माणसांचे आकडे वाटतात."

रामहरीने पारडं पुसून पाहिलं. तो आतल्या दाराशी आला. "अगं, घरात लोखंड नाही ना कुठं?"

रतनने पदर मांडीवर ओढला. "तुमीच काढून न्हेलं की. लेकराच्या उशाखालचंबी."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग तो मागे फिरला आणि चौथं वजन घेतलं. तेही वेगळं आलं.

प्रोफेसरसाहेबांनी चहाची तारीफ केली. निघताना त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "रस तपासणं हेही शास्त्रच आहे."

त्यानंतरही रामहरी वजनं घेत राहिला. कधी जुळत, कधी नाही. रतनच्या मनात येईल तसं. त्याला आपल्या डोळ्यांचा भरवसा वाटेना, मग हाताचा. शेवटी त्याने नळ्या गुंडाळून ठेवल्या. चुंबक शेजारीपाजारी विहिरीत पडलेली बादली काढायला नेऊ लागले.

"अवो, गेणबाच्या बायकूची बादली पडलीया," रतन सांगायची. "तुमचा चुंबक घ्या." तो घेऊन जायचा, दोर धरून वाकायचा. पोरं हसायची.

दुसऱ्या खेपेला पाचवीचा विळा त्यानेच पडवीतून आणून उशाखाली ठेवला. मुलगा ठणठणीत होता. त्याची नाळ कापण्याआधी तिने छबूबाईला विळा उकळत्या पाण्यात घालायला लावला होता. नवऱ्याचं तेवढं तिने मानलं होतं.