राखलेल्या माळावरचे खड्डे

सात जुलै, सोमवार, सकाळी साडेआठ. हजर: सातवी-आठवीची बावन्न मुलं, मुख्याध्यापक, सरपंचबाईंचे यजमान आणि हातात यादी घेऊन मी, भूगोलाची शिक्षिका. गैरहजर: खुद्द सरपंचबाई, नेहमीप्रमाणे. एक बाई यादीत नव्हती. ती अर्ध्या तासाने आली, आणि खरं तर तिलाच सगळ्यात आधी बोलवायला हवं होतं.

ठिकाण: आष्टीच्या बाजूचं आमचं गाव, उत्तरेचा माळ. काम: वृक्षारोपण. दोन दिवस आधी मशीनने नव्वद खड्डे काढून ठेवले होते. टेम्पोतून रोपं आली होती, बहुतेक गिरीपुष्पाची. हे झाड लावायला सोपं, आणि त्याला जनावर तोंड लावत नाही, म्हणून ते सरकारी कामात सगळ्यांना आवडतं. प्रत्येक मुलाने एक रोप लावायचं, शेजारी उभं राहायचं, मुख्याध्यापकांनी फोटो काढायचा. फोटो ठिकाणासकट अपलोड झाला की काम झालं.

"आखणी आधीच झालेली दिसते," मुख्याध्यापक खूश होऊन म्हणाले. माळाच्या चारही बाजूंना चुना लावलेले दगड ठेवलेले होते. "बरं झालं, आपला वेळ वाचला."

दगड कोणी ठेवले, हे कोणीच विचारलं नाही. मीही नाही.

अठ्ठावीस रोपं लागली आणि मेंढरंवाली आक्का आली. माझ्याच वयाची, पन्नाशीच्या आतबाहेरची. चपला हातात घेऊन ती पळत आली, एका रिकाम्या खड्ड्यात उतरली आणि खाली बसली.

मुलं हसली. सरपंचबाईंचे यजमानही हसले. "काय आक्का, तुमी बी रोप हाय का? लावू का माती?"

"लाव की. पर पानी कोन घालनार? मागल्या सालची झाडं कुठं हायती, दाखीव मला. काटक्या तरी दाखीव."

"आवो, पडीक माळ हाय. हाय काय इथं? नुसती कुसळं."

"कुसळं तुज्या डोळ्यात हायती," आक्का म्हणाली. "राखान हाय ही. दगड दिसंनात का? मृग निघाला की आमी दगड मांडतो. दिवाळीपतूर मेंढरू आत घालत न्हाई. बी गळू देतो. मंग उन्हाळ्यापतूर कळप ह्यावरच जगतो. तुमी नेमकी तीच जागा उकरली!"

असं होतं ते. माळाचा एवढाच तुकडा चरायचा नाही असं चार मेंढपाळ घरांनी ठरवलेलं, आणि तिथे महिनोन् महिने कोणी दिसत नाही म्हणून गावाने ठरवलं की ती जागा कोणाची नाही. जो सांभाळून ठेवतो त्याचं आधी उकरायचं. जिथे रोज कळप फिरतात, तिथे एकही खड्डा नव्हता.

"रिकामी जागा हाय म्हनून कुनी सांगितलं?" आक्काने विचारलं.

मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. यजमानांनीही. मी हातातली यादी उलटली. खालच्या पानावर गावातल्या मोकळ्या जागांची यादी होती. ती उन्हाळ्यात मीच केली होती, कारण गावात कसलीही यादी करायची तर ती माझ्याकडेच येते आणि मी ती वेळेत देते. तिसऱ्या ओळीत माझ्याच अक्षरात होतं: उत्तरेचा माळ, रिकामा.

"मी," मी म्हणाले.

आक्का माझ्याकडे वळली. "मास्तरीणबाई, तुमी तर शिकलेल्या. इचारायचं तरी."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तो सगळा मला आला. आजही आहे.

मी बावीस वर्षं शिकवते आहे. प्रेअरी, पंपास, स्टेप, व्हेल्ड, सॅव्हाना. नकाशात हिरवट-पिवळा रंग भरायचा, प्राण्यांची नावं पाठ करायची. झेब्रा माझ्या मुलांना डोळे मिटून काढता येतो. पण वर्गाच्या खिडकीतून दिसतो तोही गवताळ प्रदेशच आहे, हे मी एकदाही सांगितलं नाही, कारण पुस्तकात तो नव्हता, आणि सातबाऱ्यावर तो पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी, होता. वाळवंटाला आम्ही वाळवंट म्हणतो, जंगलाला जंगल. माळाला मात्र झाड नसलेलं जंगल समजतो, जणू काही कुणीतरी झाडं लावायची विसरून गेलं.

कोणी विसरलेलं नाही. वीतभर मातीखाली मुरूम आहे. आमच्याकडचा पाऊस त्या वीतभर मातीत जेवढा मुरतो तेवढ्यावर गवत जगतं, झाड तहानेने मरतं. गवत बुडातून फुटतं, म्हणून शेंडा खाल्ला तरी ते मरत नाही. चंडोल त्याच्याच बुडाशी, जमिनीवर, घरटं करतो. काळविटाला पळायला आणि लांडगा लांबून दिसायला मोकळं रान लागतं. हे सगळं मी त्या सोमवारनंतर शिकले, निम्मं वाचून आणि निम्मं आक्काकडून. तिला गवतांची चौदा नावं येतात. मला दोन येत होती.

त्या दिवशी मी मुलांना रोपं परत काढायला लावली. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, फोटो गेलेत वर. आता कसं काढता?" मी म्हटलं, फोटोतली राहू द्या, जमिनीतली काढते. ते दोन आठवडे माझ्याशी बोलले नाहीत, त्यामुळे कामं भराभर झाली. रोपं ओढ्याच्या काठी, जिथे माती आहे तिथे, लावली. पुढच्या तीन रविवारी आक्का, तिची सून आणि मी खड्डे बुजवले. मशीनने मुरूम वर आणि माती खाली केली होती. आम्ही घमेल्याने ती उलट केली. तरी त्या जागी या साली गवत धरलं नाही. नव्वद गोल टक्कलं दिसतात.

आक्काच्या घरचा हिशेब सरळ आहे. गवत उन्हाळ्यापर्यंत पुरलं तर कळप राहील. नाही पुरलं तर मेंढरं बाजारात जातील आणि मुलगा-सून कोयता घेऊन ऊसतोडीला. "त्येंनी आजून कोयता धरला न्हाई," ती एवढंच म्हणाली.

कागदावर माळ आता वृक्षारोपण क्षेत्र झाला आहे. म्हणजे पुढच्या पावसाळ्यात मशीन पुन्हा येणार. मी तालुक्याच्या कचेरीत गेले. साहेबांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जागा वापरात आहे याचा पुरावा आणा. जनावरं चरतानाचे फोटो आणा."

मी म्हटलं, पावसाळ्यात तिथे जनावरं न घालणं हाच तिचा वापर आहे.

"मग फोटो कशाचा काढणार?" ते म्हणाले. टिंगल करत नव्हते. त्यांच्या अर्जात तशी सोयच नव्हती. टिंगल असती तर मला उत्तर देता आलं असतं.

दुसरा मार्ग त्यांनीच सांगितला: माळाला राखीव कुरण ठरवणारा ग्रामसभेचा ठराव. अर्ज तयार आहे. चौदा गवतांची नावं जोडली आहेत, चारही घरांचे अंगठे आणि सह्या घेतल्या आहेत. सभा बोलवायचा अधिकार सरपंचबाईंचा. त्यांच्या घरी मी चारदा गेले. चारही वेळा यजमान ओसरीवर बसलेले, "कागद ठिवून जावा, मी बघतो." कागद मी ठेवला नाही. सरपंचबाई आतल्या दारात उभ्या असतात, ऐकत असतात. त्यांच्याशी मला एकदा थेट बोलायचं आहे, यजमान घरात नसताना. ते अजून झालेलं नाही.