तूप लावलेलं कणीस

परवा पुण्याहून लेकीचा फोन आला. "आई, कुत्र्याला स्वीटकॉर्न दिलं तर चालतं का गं?" तिच्याकडे एक गुबगुबीत कुत्रं आहे आणि त्याचे लाड माणसाच्या वरचढ चालतात. मी म्हटलं, दाणे दे. नुसते उकडलेले, मीठ-लोणी-मसाला काही न लावता, आणि मूठभरच. अख्खं कणीस मात्र त्याच्या तोंडापाशी नेऊ नकोस. तुम्ही खाऊन टाकलेले दांडेसुद्धा झाकणाच्या डब्यात टाकत जा. "अगं, एवढी चिडतेस कशाला?" ती म्हणाली. मला खरं तर किळस आली होती, तीही इतक्या वर्षांनी.

तेव्हा ही लेक नुकती चालायला लागली होती. लातूर नवीनच जिल्हा झालं होतं आणि आमच्या ह्यांची नांदेडहून तिथल्या नव्या कचेरीत बदली झाली. गावात जिकडेतिकडे ओल्या रंगाच्या पाट्या. ज्याला त्याला जिल्ह्याची ऐट चढलेली. आमचे घरमालक आडत व्यापारी, कपाळावर भस्माचे पट्टे, आवाज मोठा. नळाला पाणी नाही म्हटलं तरी ते म्हणायचे, "वैनी, आता जिल्ह्याचं गाव हाय, होईल समदं." जिल्हा झाला, पण पाऊस काही जिल्ह्याला विचारून पडत नाही. त्या वर्षी तो पडलाच नाही.

घरामागे आड होता, तळाशी गढूळ पाणी. आडाशेजारी मालकीणबाईंनी मक्याच्या चार ओळी लावल्या होत्या. आम्ही त्यांना अक्का म्हणायचो. अक्का पहाटेपासून खपायच्या, हाताला सढळ होत्या, माझ्या लेकीला तर कडेवरून खाली ठेवायच्या नाहीत. भांडी विसळलेलं पाणी, तांदळाचं धुवण, लेकीच्या आंघोळीचं पाणी, सगळं आम्ही त्या मक्याला घालायचो. शेतातलं पीक गेलं, पण तो मका उभा राहिला. कोवळी, दुधाळ कणसं भरली, तेव्हा आम्हा दोघींना केवढा आनंद झाला होता.

आता मालकांच्या घराची रीत अशी की खंडोबा त्यांचं दैवत. रविवारी देवाला नैवेद्य दाखवायचा आणि तो आधी कुत्र्याला घालायचा, मग घरच्यांनी जेवायचं. नवं पीक आलं की पहिला मान देवाचा, म्हणजे कुत्र्याचा. कुत्र्यानं नैवेद्य संपवला तर देवाला पावला. ठेवला, तर घरादाराच्या तोंडचं पाणी पळायचं. एरवी हे भाकरीवर चालायचं, त्यात वाईट काही नव्हतं. गल्लीत एक तांबडी कुत्री होती. ती आमच्या पायरीवर पडून असायची. लेक तिचे कान ओढायची, तोंडात बोट घालायची, ती नुसती डोळे मिटून घ्यायची. त्या परक्या गावात माझ्या पोरीला पहिली मैत्रीण मिळाली ती ही.

त्या रविवारी पहिली कणसं काढली. अक्कांनी एक कणीस उकडून त्याला बोटभर तूप चोपडलं, वर गूळ चोळला, भंडारा टाकला. मी म्हटलं, "अक्का, दाणे सोलून घाला की. दांडा कसा चावंल तिला?"

"आगं पोरी, देवाला मोडकं कुठं देत असतेत का? नैवेद्य अखंड पायजे."

"मग देवापुढं अखंड ठेवा, तिला सोलून घाला."

"वैनी, तुमच्या नांदेडात घालत असतील सोलून," मालक म्हणाले आणि घरचे हसले.

कुत्री उपाशी होती. दुष्काळात गल्लीतल्या कुत्र्यांना कोण विचारतो? तुपाचा वास आल्यावर तिनं ते कणीस आडवं धरून कराकरा मोडलं. अर्धं गिळलं आणि उरलेलं घशाशी अडलं. ती मान ताणून खोकायला लागली. मी पुढं झाले, तर मालकांनी मला हातानं अडवलं. "थांबा. टाकलं तर अपशकुन व्हईल." मग त्यांनी तिचा जबडा धरला आणि तो तुपानं बुळबुळीत झालेला तुकडा अंगठ्यानं आत लोटला. अंगठा मुळापर्यंत तिच्या तोंडात. बाहेर काढला तेव्हा लाळ आणि तूप मनगटावर ओघळत होतं, आणि त्याच हातानं त्यांनी येळकोट म्हणत भंडारा उधळला. सगळ्यांनी हात जोडले. मी लेकीला उचलून आत गेले.

दुसऱ्या दिवशी कुत्री ओकायला लागली. आधी पिवळं तूप, मग फेस, मग तपकिरी, घाण वासाचं काहीतरी. अंगणभर. धुवायला पाणी नव्हतं, म्हणून वर राख टाकायची. राखेवर माश्या, माश्यांखाली पुन्हा ओलं. मी भात पुढं ठेवला तर तोंड फिरवायची. पोट ढोलासारखं ताणलेलं, हात लावला की कण्हायची.

घरात रडारड सुरू झाली, पण कुत्रीसाठी नव्हे. "नैवेद्य भाईर टाकला तिनं," अक्का पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "देव कोपला गं." यावर त्यांनी काय उपाय काढावा? दुसरं कणीस. उकडलेलं, तूप लावलेलं, अखंड. ते ताटात घेऊन अक्का येताना पाहिल्या आणि माझा तोल गेला. मी कुत्रीपुढं फतकल मारून बसले. "अक्का, हे तिला घातलंत तर मी ताट आडात फेकीन." आयुष्यात मी भरल्या ताटाबद्दल असं बोलले नव्हते. त्या घाबरून मागं फिरल्या.

संध्याकाळी आमचे हे जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन आले. ते बिचारे दिवसभर छावणीतल्या गुरांमागं धावून थकलेले. त्यांनी पोट चाचपलं. "दांडा आतड्यात अडकलाय. तो विरघळत नसतो. पोट उघडावं लागेल, आणि ती सोय इथं नाही. परभणीला न्या, लगेच."

हे जीप बघायला निघाले, तर मालक दारात आडवे. "देवाचं कुत्रं कापायचं? माझ्या दारातून न्हाई जाणार." वर आणखी, "जिल्ह्याचा डाक्टर कुत्र्यासाठी आणला म्हणून बाजारात हसायलेत लोकं." देवाची भीती आणि बाजाराची लाज, दोन्ही एकाच तोंडात. मला त्या माणसाच्या भस्माच्या पट्ट्यांकडंसुद्धा बघवेना. ह्यांनी ऐकलं नाही. गल्लीच्या मागच्या बाजूनं जीप आणली. मी तिला पोत्यावर घेऊन मागच्या दारानं निघाले. पण आडापाशी पोचेपर्यंत तिच्या तोंडातून काळं पाणी आलं, माझ्या पातळावर सांडलं, आणि ती गेली.

मग मात्र तिचा थाट बघावा. मालकांनी स्वतः खड्डा खणवला, नवं फडकं घातलं, नारळ फोडला, भंडारा उधळला. गल्ली जमली. जिवंतपणी जिला पाण्याचा घोट कुणी दिला नाही, तिच्या पाया पडायला बाया रांगेत. मी पातळ धुवायला पाणी नाही म्हणून ते चुलीत घातलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्का आल्या. डोळे सुजलेले. माझ्या ताटाच्या बोलण्याचा राग धरला नव्हता, स्वभावच तसा. पदराखालून वाटी काढून त्यांनी माझ्यापुढं ठेवली. त्याच मक्याचे दाणे. मऊ उकडलेले, वरची सालपटं एकेक करून काढलेली, थोडे बोटांनी ठेचलेलेही.

"लेकराला भरव," त्या म्हणाल्या. "सोलून आणलेत. कणीस देऊ नगं बरं तिच्या हातात. नरड्यात अडकलं म्हंजे?"

लेक वाटीकडं हात पसरून दुडुदुडु आली. मी तिला एका हातानं धरून ठेवलं आणि दुसऱ्या हातानं ती वाटी अक्कांकडं परत सरकवली. त्यांना काही कळलं नाही. "गोड हाय गं," त्या म्हणत राहिल्या, "खाऊन तर बघ."