आक्का गाडीतून उतरल्या नाहीत

माझे यजमान परळीच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले आणि त्यांनी एक जुनी व्हॅन विकत घेतली. मागच्या सीटा काढून तिथं दोन बाकं बसवली, एक छोटा ओटा केला, गॅसची शेगडी ठेवली, आणि खिडक्यांना मी माझ्या जुन्या साड्यांचे पडदे शिवले. आम्ही तिला घरगाडी म्हणायला लागलो. माझ्या थोरल्या नणंदेनं, म्हणजे आक्कांनी, तिच्याभोवती एक चक्कर मारली, आत डोकावून बघितलं आणि भावाला म्हणाल्या, "म्हंजे कोपीला चाकं लावलीस की रे."

आक्कांना कोपी चांगली माहीत. लग्नानंतर कितीतरी वर्षं दिवाळीच्या आगेमागे त्या नवऱ्याबरोबर ऊस तोडायला जायच्या, ते उन्हाळ्यातच परत यायच्या. फडाजवळ उसाच्या वाळल्या पाल्याची, पाचटाची झोपडी घालायची, ती कोपी. नवरा गेला, गुडघे दुखायला लागले, मग त्या आमच्याकडं राहायला आल्या. एवढे जिल्हे फिरल्या, पण उगीच म्हणून कुठं गेल्या नव्हत्या. म्हणून गाडीचा पहिला लांबचा प्रवास त्यांच्यासाठी ठरला. धारूरच्या घाटातून जायचं, वाटेत कुठंतरी मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी नारायणगडाचं दर्शन घ्यायचं.

निघायच्या दिवशी मी डबे भरत होते तोवर आक्का हिरवं लुगडं नेसून गाडीत खिडकीपाशी जाऊन बसल्यासुद्धा. यजमानांनी गाडी सुरू केली, गिअर टाकला. इंजिन गुरगुरलं, मागची बाजू कोंबडी बसावी तशी खाली दबली आणि गाडी बंद पडली. पुन्हा तेच.

"हँडब्रेक सोडलाय ना?" मी विचारलं.

"सोडलाय. हे काय, खाली हाय."

गाडी सगळा पावसाळा त्याच जागी उभी होती. जागा थोडी उताराची, म्हणून यांनी हँडब्रेक ओढून ठेवला होता. मधून मधून इंजिन सुरू करून बघायचे, पण हलवली कधी नाही.

"आक्का, उतर," हे म्हणाले. "आज काय जमत न्हाई. उद्या बघू."

"मी उतरत न्हाई," आक्का शांतपणे म्हणाल्या. "तू कर तुझं काम. माझं काय मधी येतंय?"

यांनी माझ्याकडं बघितलं. मी डबे गाडीत नेऊन ठेवले.

मग हे गोणपाट टाकून गाडीखाली शिरले. आयुष्यभर मोठमोठी यंत्रं उघडून परत जोडलेला माणूस, त्यामुळं सुरुवातीला आवाजात दम होता. "वायर अडकली असंल. ढिली करतो, सुटंल." हँडब्रेकची वायर मधोमध एका नटानं ताणलेली असते. तो नट त्यांनी पार ढिला केला. वायर लोंबायला लागली. बाहेर येऊन पुन्हा गिअर टाकला, तरी गाडी जागची हलेना. मग त्यांनी सगळा दोष गिअरबॉक्सला दिला.

मी म्हटलं, "अहो, मी मागं उभी राहते. तुम्ही नुसतं थोडं मागंपुढं करून बघा."

त्यांनी जोर लावला तशी गाडी वीतभर सरकली. मी वाकून बघत होते. उजवं मागचं चाक नीट फिरलं. डावं मात्र फिरलंच नाही, मातीत चर पाडत तसंच फरफटत आलं.

"डावं धरलंय," मी ओरडून सांगितलं. "उजव्याला काही झालेलं नाही."

ते उतरले, चर बघितला, डोकं खाजवलं. "वायर तर ढिली हाय. मग चाकाच्या आतच काहीतरी चिकटलंय. ब्रेकच्या ड्रमला आतले लायनर चिकटलेत." त्यांचा चेहरा एकदम उजळला. दुखणं सापडल्यावर डॉक्टरचा उजळतो तसा.

चाक काढायचं म्हणजे गाडी उचलायला हवी. त्यांनी पुन्हा आक्कांना विनवलं. आक्कांनी मान हलवली. शेवटी त्यांनी पुढच्या चाकांना दगड लावले, जॅकच्या शेजारी लाकडाचे ठोकळे रचले, आणि त्या कलत्या गाडीत आक्का खिडकीची कड धरून बसून राहिल्या.

चहा द्यायला म्हणून मी गाडीत गेले तेव्हा विचारलं, "आक्का, असं का करताय? पाच मिनिटं खाली बसला असता."

त्या कप हातात धरून बाहेर बघत होत्या. "एकडाव अशीच बैलगाडीत बसले होते. नवीन लगीन झालेलं. नारायणगडालाच निघालो होतो समदे. सासूनं हाक मारली, गाय अडलीय म्हनं, ये जरा. उतरले. कालवड झाली, लई गुणाची निघाली. पर गाडी गेली ती गेली." मग माझ्याकडं वळून हसल्या. "उतरलं की ऱ्हाऊन जातं गं."

मी खाली आले. हातोडी यांच्या हातात दिली.

चाक निघालं. ड्रमच्या कडेवर लाकडाचा तुकडा धरून ते गोल गोल ठोकत राहिले, आणि मी दोन्ही हातांनी ड्रम फिरवायचा प्रयत्न करत राहिले. बराच वेळ काही नाही. मग आतून खट्ट असा आवाज आला आणि ड्रम बोटभर फिरला. पुढं तो सोपा झाला. उघडून बघतो तर आत गंज, आणि त्यावर करड्या रंगाची कडक खपली. परळीत वीज केंद्राची राख दोरीवरच्या कपड्यांवर बसते, पापडांवर बसते. पावसाच्या पाण्याबरोबर तीच आत शिरून सिमेंटसारखी बसली असावी, असं हे म्हणाले. मला गंजच जास्त वाटला. धूळ नाकात जाऊ नये म्हणून फुंकर न मारता ओल्या फडक्यानं सगळं पुसलं, पॉलिश पेपर मारला.

वायरीचं वरचं आवरण एका जागी फाटलं होतं आणि ती आत जड सरकत होती. तिच्यात थेंब थेंब तेल सोडलं. आता कुणीतरी हँडब्रेक ओढून-सोडून बघायला हवं होतं. आक्का आपणहून पुढच्या सीटवर सरकल्या.

"वड," खालून हे म्हणाले.

कोयता धरलेले हात ते. त्यांनी असा ओढला की खालून हे ओरडले, "जरा दमानं."

"सोड."

"वड."

असं कितीतरी वेळ चाललं होतं. मधेच आक्कांनी विचारलं, "मी वढते ते तुला खाली दिसतंय व्हय?"

"दिसतंय की. सोडलं की लगेच माघारी जातंय."

"मंग बरंय," आक्का म्हणाल्या आणि काम झाल्यावरही दोनदा ओढून सोडला.

ड्रम बसवला, चाक बसवलं, वायरीचा नट पुन्हा बेताचा आवळला. वैद्यनाथाच्या देवळापर्यंत एक फेरी मारून आलो आणि मी दोन्ही मागच्या चाकांजवळ हात नेऊन बघितला. दोन्ही सारखीच कोमट होती, म्हणजे ब्रेक कुठं घासत नव्हता. डबे गाडीतच होते. तसेच निघालो.

दिवस कलताना धारूर गाठलं. किल्ला दिसेल अशा एका सपाट माळावर गाडी लावली आणि हँडब्रेक न ओढता चाकांखाली दगड दिले; नारायणगडाला ठरल्याप्रमाणं उद्या जायचं होतं. भाकरी खाताना यांनी बहिणीच्या ताटात शेंगदाण्याची चटणी वाढली आणि आक्कांनी ती अर्धी परत यांच्या ताटात टाकली.

सकाळी मला जाग आली ती खरखर अशा आवाजानं. बाहेर बघितलं तर आक्का तरवडाच्या फांदीनं गाडीभोवतालची जागा झाडत होत्या. झाडून झाल्यावर दारापुढं पाणी शिंपडलं. शेळ्या घेऊन निघालेला एक म्हातारा थांबून बघत होता. "कुठल्या म्हनायच्या तुमी?" त्यानं विचारलं.

"परळीच्या. गडाला निघालोय," आक्का म्हणाल्या. "च्या घेता का?"

तो धोंड्यावर टेकला. मी शेगडी पेटवली. हे उठून बाहेर आले, त्या दोघांच्या गप्पा रंगलेल्या बघितल्या आणि निघायची घाई न करता चाकांखालचे दगड तसेच राहू दिले.